साबणानं धुतलेला अर्ज

माझ्या सुनंच्या नोकरीचा अर्ज मी साबणानं धुतला.

(हसू नका. लोकं हात धुत्यात, पाय धुत्यात, बैल धुत्यात. मी अर्ज धुतला. मळल्याला हुता.)

आता सुरवातीपास्नं सांगतो. मी सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाल. तीस वर्सं पाठीवर हळदीची पोती वाहतोय, त्यामुळं माझा रंग बारा म्हैनं नवरदेवागत. लग्न एकदाच झालं, पण हळद रोज! शाळा म्हणाल तर दुसरीतनं सोडली. सोडली म्हंजे, मास्तर म्हणलं, "तू उद्यापासनं न्हाई आलास तरी चालंल." मोठ्या माणसाचा शब्द कशाला मोडा? तवापास्नं पोती मोजायला मी एक नंबर, पण अक्षर समोर आलं की ते मला वळखत न्हाई आन् मी त्याला.

आणि असल्या माणसाच्या घरात सून आली ती बी.एस्सी.!

त्याचं झालं असं. पोरगा सुनील मिलिट्रीत. त्याच्यासाठी मुलगी बघायला आमी साताऱ्याकडं गेल्तो. मुलीचं वडील रिटायर सुभेदार. मिशा अशा, की त्यास्नी सॅल्यूट करावा का मिशांना, ह्योच प्रश्न. चहा आला. मी कप उचलला, दोन घोट घेतलं, तवर सुभेदार म्हणलं, "पावणं, आमची प्रियांका लग्नानंतर बी.एड. करणार, मास्तरीण होणार. हे कबूल असंल तरच चहा घ्यायचा!"

आता चहा तर अर्धा पोटात गेल्याला! काय करता? उठून उभा ऱ्हायलो आणि छाती ठोकून म्हणलं, "सुभेदार, तुमची लेक माझ्या घरातनं मास्तरीण होऊनच भाईर पडंल. न्हाई पडली तर मिशा काडून ठेवतो!"

(मला मिशा न्हाईत. पण सुभेदारांनी मोठ्या मनानं तिकडं बघितलंच न्हाई.)

सून आली, शिकली. पोराला काखंत घिऊन तिनं बी.एड. केलं, टीईटी पास झाली. पण नोकरी काय हुईना. हिकडं बाजारात मी आदीच सगळ्यास्नी सांगून बसल्यालो. रोज पोतं उचललं की कोणतरी इचारणारच, "काय तात्या, झाली का सून मास्तरीण? का अजून चपात्यालाच शिकवतीय?" आन् दर ऐतवारी सुभेदारांचा फोन. फोनवर ते काय इचारायचं न्हाईत. नुसतं म्हणायचं, "बाकी काय?" त्या 'बाकी काय'चं वजन मला पोत्यापेक्षा जड वाटायचं.

तर यंदा जूनमदी तीन शाळांत विज्ञानाच्या बाईची जागा निघाली. एक सांगलीत, एक कुपवाडला, एक लांब शिराळ्याला. प्रियांका अर्ज लिहायला बसली आणि आठ दिवस आमाला घरात जेवायला जागा ऱ्हायली न्हाई. हितं गुणपत्रिका, तितं झेरॉक्स, पाटावर फोटो. मी एकदा चुकून टीईटीच्या दाखल्यावर बसलो तर पोरगी अशी वराडली, मला वाटलं विंचू चावला. (मला न्हवं. दाखल्याला.)

तिन्ही अर्ज येगयेगळं बरं का! सांगलीला लिहिलं, नदीकाठच्या मुलांना नदीचं पाणी तपासायला शिकवीन. कुपवाडला लिहिलं, कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना यंत्रातलं विज्ञान दाखवीन. शिराळ्याला लिहिलं, नागपंचमीच्या गावातल्या मुलांना सापांचं शास्त्र समजावून देईन. तिनं वाचून दाखवलं तशी माझी बायको मंगल पदरानं डोळं पुसायला लागली.

"आत्या, रडताय कशाला?" सुनंनं सासूला इचारलं.

"शेवटाला 'आपली नम्र' म्हणलीस नव्हं... लय ग्वाड वाटलं गं!"

"उद्या रजिस्टर पोस्टानं पाठवते," प्रियांका म्हणली.

आणि हितं मी तोंड उघडलं. उघडायला नको हुतं.

"पोस्टानं? आगं, सुनीलच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं धाडली म्हणून तुझ्या सासूचा भाऊ अजून माझ्याशी बोलत न्हाई! शुभ कागुद हातानं द्यायचा असतो. हळद-कुंकू लावायचं, अक्षता ठेवायच्या, दोन शब्द ग्वाड बोलायचं."

"मामा, ही नोकरी आहे. लग्न नव्हं."

"कार्य ते कार्य!"

शेवटची तारीख दोन दिसांवर. पोस्ट वेळंत पोचंल का, ही तिला बी धाकधूक. त्यात नातवाला ताप, त्यामुळं तिला घर सोडता येईना. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हंजे आमच्या बाजाराला सुट्टी. झालं! मामा अर्ज घिऊन जाणार, असं ठरलं.

"बरं, मग पाकिटांवर शाळांची नावं लिहिते," ती पेन उचलत म्हणली.

"नावं कशाला? सांगली, कुपवाड, शिराळा! मी काय चुकणार हाय?"

खरं सांगू का? नावं लिहिली असती तरी मला कुठं वाचता येणार हुती! भर रस्त्यात पाकिट उलटं धरलं आणि कुणी बघितलं तर? मास्तरणीचा सासरा आन् अक्षरशत्रू! म्हणून मी नावंच लिहू दिली न्हाईत. तिनं तिन्ही पाकिटं डिंकानं चिटकवली आणि सांगिटलं, "वरचं सांगली, मधलं कुपवाड, खालचं शिराळा. हलवू नका."

"हलवायला ते काय पोतं हाय?" मी म्हणलं.

सकाळी ती पोराला न्हाऊ घालत हुती तवा मी माझी हुशारी केली. आमच्या बाजारात हरेक व्यापाऱ्याच्या पोत्यावर खूण असती. कुणाची फुली, कुणाचा गोल, कुणाचा तिरकोन. अक्षर लागतंय कुणाला? मी देव्हाऱ्यातली हळद पाण्यात कालवली आणि बोटानं सांगलीवर गोल, कुपवाडवर फुली, शिराळ्यावर तिरकोन काडला. लई भारी काम! कुणाला सांगिटलं मात्र न्हाई. सांगिटलं असतं तर मग हुशारी कसली?

मी दाढी करायला गेलो आणि मंगलनं पाकिटं उचलली.

"आवं, अमुशाचं शुभ कागुद न्ह्याचं म्हंजे काय? देवापुढं ठेवल्याबिगार जायचं न्हाई!"

आणि बाईनं पाकिटं देवापुढं ठेवली, उलटी-पालटी केली, आणि हरेकावर पाची बोटांनी हळदीचं पट्टं वडलं. हात सैल सोडून! वर कुंकू. वर अक्षता. माझा गोल, माझी फुली, माझा तिरकोन, सगळी एकाच हळदीत बुडाली. मी काय बघितलंच न्हाई. पांढरा सदरा घातला, मंगलनं पाकिटं घालून दिल्याली पिशवी उचलली, अक्षतांची पुडी खिशात घातली आणि फटफटीला किक मारली.

सांगलीच्या शाळंच्या फाटकात पाकिटं भाईर काडली, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिन्ही पिवळी! तिन्ही सारखी! तिळ्या पोरी हळदीला बसल्यागत!

बरं, एखाद्याला सांगावं की बाबा, फोडून वाच, कुठला कुठल्या शाळंचा? कोपऱ्यावर पानपट्टीवाला हुता. पण तोंड उघडंना. ह्याला कळलं तर उद्या सगळ्या सांगलीत, 'मास्तरणीच्या सासऱ्याला काळं-गोरं कळत न्हाई.' असल्या घरातली बाई कोण शाळंत घेईल? मी म्हणलं, तात्या, डोकं चालव. तुजं डोकं न्हाई चाललं तर हात चालव. हमालाच्या हाताला वजन कळतं! पोतं उचललं की मी अर्धा किलो कमी-जास्त सांगतो. शिराळ्याच्या अर्जात कागद जास्ती, कुपवाडच्यात त्याहून कमी, सांगलीच्यात सगळ्यात कमी. हे तिनं झेरॉक्स लावताना मी बघितल्यालं.

मग मी फाटकातच उभा ऱ्हाऊन एका हातावर एक, दुसऱ्या हातावर एक पाकिट घेतलं, डोळं मिटलं आणि तोलायला लागलो. रिक्षावाला थांबला.

"काय मालक? सोनं हाय का केशर?"

"नोकरी हाय," मी डोळं न उघडता म्हणलं.

"मग नीट तोला!"

नीटच तोललं. फकस्त एक गोष्ट ध्यानात न्हाई आली. मंगलनं ज्याच्यावर हळद जास्ती थापल्याली, तेच पाकिट जड झाल्यालं! मी कागद न्हाई, हळद तोलत हुतो. तीस वर्सांची सवय, दुसरं काय!

आत गेलो. ऑफिसात क्लार्क बसल्याला. मी त्याच्या टेबलावर पाकिट ठेवलं, वर अक्षता ठेवल्या, हात जोडलं.

"आमच्या घरातलं पयलंच कार्य हाय. सगळ्यांनी यायचं!"

क्लार्क उभा ऱ्हायला. "हो हो. कुणाचं लग्न?"

"लग्न न्हवं, अर्ज! विज्ञानाच्या बाईचा!"

त्यानं पाकिटाकडं बघितलं, अक्षतांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हणजे आम्ही कुठं यायचं?"

आता ह्याला काय सांगणार? म्हणलं, "तुमी कुठं नगा येऊ. आमीच येतो."

कुपवाडला बी तसंच. तितल्या मुख्याध्यापकांनी अक्षता हातात घेतल्या आणि बिचारं कुणाच्या डोक्यावर टाकायच्या म्हणून हिकडं-तिकडं बघत बसलं. शेवटाला मीच डोकं पुढं केलं. त्यांनी टाकल्या. मी पाया पडलो. 'अखंड सौभाग्यवती' म्हणलं न्हाई, येवढंच.

मग शिराळ्याची वाट. नागपंचमी सोडून मी शिराळ्याला कवा गेलोच न्हवतो. पिशवीचा बंद तुटला म्हणून पाकिट सदऱ्याच्या आत छातीला लावलं. ऊन असं, की घाम नुसता धो धो. शाळंपुढं उतरलो, पाकिट भाईर काडलं तर काय! घामानं हळद पाझरून पाकिट सगळं पिवळं, डिंक सुटल्याला, आतला अर्ज भाईर डोकावतोय. त्यावरच्या फोटोतली माझी सून तोंडभर हळद लावून हसतीय!

असला मळका कागुद मोठ्या बाईंच्या हातात कसा द्यायचा? बघतो तर हात धुवायच्या नळाला जाळीत साबण टांगल्याला. देवच पावला म्हणलं! ओल्या बोटाला साबण घेतला आणि अर्जाच्या पिवळ्या डागावर हळूच घासला.

डाग लाल झाला.

मी परत घासला. लालभडक! माझी पाची बोटं लाल! पाकिट लाल! सदऱ्याला पुसलं तर सदऱ्याची छाती लाल! मला वाटलं, अमुशा. मंगल म्हणत हुती ती अमुशा हीच.

तेवढ्यात शाळंचा शिपाई आला. त्यानं माझा हात बघितला आणि बोंबच ठोकली, "बाई! पळा! पावण्याला साप चावला!"

"न्हाई ओ, अर्ज—"

"बोलू नगा! बोलल्यावर इख चढतंय!" त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं वडलं आणि माझ्या दंडाला असं करकचून बांधलं, की खरा साप परवडला असता. मोठ्या बाई पळत आल्या. शिपाई इचारतोय, "कुठं चावला? कसला हुता? पट्ट्यापट्ट्याचा?"

मी रडकुंडीला यून म्हणलं, "विज्ञानाचा!"

दंडाला उपरणं बांधल्यालं तसंच, दुसऱ्या हातानं मी ते लाल पाकिट बाईंच्या हातात ठेवलं, उरल्या-सुरल्या अक्षता वर टाकल्या, "सगळ्यांनी यायचं" म्हणलं आणि फटफटी गाठली. घरी गेल्यावर छाती फुगवून सांगिटलं, "तिन्ही पोचलं!"

खोटं काय न्हवतं त्यात. पोचलं तर हुतंच. कोण कुठं पोचलं, येवढाच प्रश्न!

त्याचं उत्तर तीन दिसांनी आलं. सांगलीच्या क्लार्कचा फोन. प्रियांकानं मोठ्या आवाजावर लावला, आमी सगळी चटईवर बसल्यालो.

"मॅडम, तुम्हाला नागपंचमीच्या गावातल्या मुलांना शिकवायचंय ना? मग सांगलीत कशाला अर्ज केला? जावा की शिराळ्याला!"

फोन बंद. मग कुपवाडचा आला. तितलं सर बिचारं गरीब. म्हणलं, "बेटा, आमच्याकडं नदी नाही गं. कारखाने आहेत. मुदत संपली, नाहीतर दुसरा अर्ज घेतला असता. सासऱ्यांना सलाम सांग."

मग मी सगळं सांगिटलं. गोल, फुली, तिरकोन, वजन, साबण. मंगलनं कपाळावर हात मारून घेतला. पण प्रियांका बोंबलली असती तर बरं वाटलं असतं. तिनं उरल्याली झेरॉक्स उचलली, एकएक करून फायलीत घातली, एक घडी मोडू दिली न्हाई. मग पोराला घेतलं आन् आत गेली.

तीस वर्सांत मी क्विंटलाची पोती उचलली. त्या दिवशी मला माझी मान उचलवली न्हाई.

आणि दुसऱ्या दिवशी वार कुठला? ऐतवार! सुभेदारांचा फोन.

"राम राम पावणं. बाकी काय?"

माझा हात आपोआप वरच्या ओठाकडं गेला. बरं झालं मिशा न्हाईत. असत्या तर तितंच काडाव्या लागल्या असत्या.

सोमवारी मी पाठीवर पोतं घेतल्यालं, आणि खिशात फोन वाजला. प्रियांका.

"मामा, शिराळ्याच्या शाळेनं आज साडेबाराला मुलाखतीला बोलावलंय! लगेच निघायचं. आणि मोठ्या बाई म्हणाल्या, ज्यांनी अर्ज आणला त्यांना घिऊनच या!"

मला घिऊन? म्हणलं, झालं. पोलिसात देणार. पोतं टाकलं आणि तसाच घरी पळालो. कापडं बदलायला येळच न्हाई. कामावरचा शर्ट, म्हंजे मूळचा पांढरा, पण आता कॉलरपास्नं टोकापत्तोर हळदच हळद. सून मागं बसली ती फाईल छातीशी धरून. वाटंत येवढंच म्हणली, "मामा, तिथं तुम्ही काही बोलू नका."

"शब्द काडणार न्हाई."

ऑफिसात मोठ्या बाई, संस्थेचं चेअरमन आन् एक रिटायर हुणारं म्हातारं विज्ञानाचं सर. तिघांच्या मदी टेबलावर तो अर्ज. वाळून वाकडा-तिकडा झाल्याला, पिवळा, तांबूस, पापडागत.

मोठ्या बाईंनी तो दोन बोटांत धरला. "मॅडम, तुमचे मार्क चांगले आहेत, म्हणून बोलावलं. पण हा अर्ज कुपवाडच्या शाळेच्या नावानं आहे. अर्जसुद्धा नीट पाठवता येत नाही, त्यांच्या हातात मुलं कशी द्यायची?"

प्रियांका उभी ऱ्हायली. माझं नाव सांगावं लागंल म्हणून गप्प बसली, हे मला कळलं. आणि मी शब्द काडणार न्हाई म्हणल्यालं इसरलो.

"बाई, तिची चूक न्हाई. अर्ज तिनं बरूबर लिहिल्यालं. मी बदललं. मला वाचाय येत न्हाई. हमाल हाय मी. हे तुमास्नी कळलं तर तिला नोकरी द्याचा न्हाई म्हणून लपवलं. आणि ते लाल म्हंजे रगात न्हवं. साबण हाय. का लाल झालं ते देवाला ठावं!"

मोठ्या बाईंनी अर्ज परत टेबलावर ठेवला. म्हातारं सर तेवढं गालात हसायला लागलं.

"देवालाच ठाऊक का?" सर प्रियांकाकडं बघून म्हणलं. "का आणखी कुणाला?"

आणि मी बघितलं, माझ्या सुनंच्या तोंडावर तेज आलं. हळदीबिगर!

"सर, मी पाठ घेऊ? आठवीच्या वर्गावर. मला साबण आणि खिचडीच्या खोलीतलं अर्धं लिंबू लागंल. आणि..." ती माझ्याकडं वळली. "मामा, शर्ट काढा."

"आँ?"

"शर्ट!"

तर मंडळी, मी आठवीच्या वर्गात गेलो ते बनियनवर. बनियनला पोटावर एक भोक, पाठीवर दोन. पन्नास पोरं-पोरी मला बघून अशी हसली, की खिडक्या हालल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. दुसरी सोडल्यापास्नं पयल्यांदाच बाकावर!

प्रियांकानं माझा शर्ट फळ्याच्या खिळ्याला अडकवला. "हा शर्ट कशानं पिवळा झालाय?"

"घामानं!" एक पोरगी वराडली. (हुशार वर्ग!)

"हळदीनं. रोज पोती उचलतो त्या माणसाच्या शर्टाची हळद. आता ये, ह्या बाहीला साबण लाव."

पोरीनं बाही वली केली, साबण घासला. बाही लालभडक! सगळा वर्ग उभा ऱ्हायला. पण सगळ्यात मोठ्यानं वराडलो मी, "आरं तिच्या! हेच! हेच झालं हुतं!"

"आता लिंबू पिळ."

लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं परत आलं. वर्गात नुसत्या शिट्ट्या. मागं उभं असल्यालं चेअरमन बाकावर चढून बघायला लागलं.

मग तिनं समजावून सांगिटलं. लिंबू आंबट, ते आम्ल. साबण बुळबुळीत, त्यात आम्लारी. समोर कोण आलंय हे हळद रंग बदलून सांगती, म्हणून तिला दर्शक म्हणायचं. असं सोपं सांगिटलं की मला बी कळलं! मला कळलं म्हंजे भिंतीला कळलं! मी हात वर केला.

"बोला मामा."

"बाई, एक शंका. माझी बायको तीस वर्सं म्हणतीय, तुमची कापडं धुताना पाणी लाल हुतंय. आणि मी दुकानदाराशी भांडून तीस वर्सं साबण बदलतोय!"

"मामा, तुम्ही एकदा तरी सोता शर्ट धुतलाय का?"

"न्हाई."

"मुलांनो, म्हणून शास्त्रात प्रयोग सोता करून बघायचा असतो!"

पोरांनी बाकं बडवली. म्हातारं सर डोळं पुसत पुढं आलं आणि मोठ्या बाईंना म्हणलं, "मी तीस वर्षं हा पाठ लिटमसच्या कागदानं शिकवला. एकानं बाकावरनं उठून बघितलं नाही. माझी खुर्ची यांनाच द्या."

आणि दिली! चार दिसांनी नेमणुकीचं पत्र आलं. (पोस्टानं. हळद न लावता. आमी काय रागवलो न्हाई.)

पत्र आल्या आल्या मी सोता सुभेदारांना फोन लावला. ऐतवाराची वाट कोण बघतंय?

"राम राम सुभेदार! तुमची लेक मास्तरीण झाली! बाकी काय?"

पलीकडनं मग मिशांतनं नाक वडल्याचा आवाज आला. म्हणलं, "पावणं... आता याल तवा चहा पुरा प्यायचा."

बाजारात मी पेढं वाटलं. जो तो पेढा हातात घिऊन इचारायचा, "तात्या, कशी काय लागली रं नोकरी?" मी म्हणायचो, "माझ्या हातगुणानं!" तिकडं मंगलनं बी निकाल लावला. आता माझा शर्ट मीच धुतो. पाणी लाल झालं की ती मागनं म्हणती, "काय शास्त्रज्ञ, कसं काय?" आणि सून शिराळ्याहून आली की मला रोज पाच अक्षरं गिरवायला लावती. 'ळ'पत्तोर आलोय. 'हळद' मला लिहिता येती. 'हमाल' बी.

पण तो शर्ट काय परत आला न्हाई. मोठ्या बाईंनी ठेवून घेतला, शाळंचं साहित्य म्हणून. शाळंच्या प्रयोगाच्या कपाटात, परीक्षानळ्यांच्या शेजारी, नीट घडी घालून. तो धडा आला की भाईर काडत्यात आन् फळ्यावर लावत्यात. पोरं उभं ऱ्हाऊन बघत्यात म्हणं.

मी दुसरीतनं शाळा सोडली. पण माझा शर्ट आठवीत हाय!